गणित शिक्षकांचं एम.एड.: तंत्रज्ञान आणि कृतिसंशोधन एकाच पेपरात हवं का?

कृष्णाकाठ, सांगली
माझं मत: तंत्रज्ञान आणि कृतिसंशोधन (आपल्याच वर्गातल्या अडचणीवर शिक्षकाने केलेलं संशोधन) एकाच पेपरात हवं. एका सत्रात संगणक, दुसऱ्या सत्रात संशोधन असं केलं की दोन्ही कोरडं राहतं. लघुप्रबंधांचं कपाट उघडून बघा. 'जिओजेब्राची (भूमितीच्या आकृत्या काढून बिंदू ओढून हलवता येणारं सॉफ्टवेअर) परिणामकारकता: एक अभ्यास', तालुका आणि इयत्ता तेवढी बदलते. अ तुकडीला जिओजेब्रा, ब तुकडीला खडू-फळा, पूर्वचाचणी, १५ तासिका, उत्तरचाचणी, टी-मूल्य (दोन सरासरींतल्या फरकाची कसोटी) ०.०५ पातळीवर सार्थ, शून्य परिकल्पनेचा, म्हणजे 'फरक नाही' या गृहीतकाचा, त्याग. संपलं! तुकड्या मुळात गुणांवर पाडलेल्या असतील तर हा निकाल जूनमध्येच लागलेला असतो.

त्यापेक्षा शिक्षकाने आधी ३० वह्या घेऊन बसावं. दहावीच्या वर्तुळ प्रकरणात अंतर्लिखित कोन त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मा, हे पोरं घडाघडा म्हणतात. पण शिरोबिंदू ज्या कंसावर आहे त्याच कंसावर जरा सरकवला तर कोनाचं काय होईल, असं विचारलं की 'लहान होईल' लिहिणारे भेटतात. चूक हातात आली की मग आकृती. भाकीत आधी कागदावर लिहून घ्यायचं, मगच बिंदू ओढायचा. बिंदू आधी ओढला तर सगळेच 'मला माहीत होतं' म्हणतात आणि संशोधकाच्या हाती काही लागत नाही. इथे साधन आणि संशोधन वेगळं काढणार कसं?

त्रिज्या, सातारा
सर, वह्यांचं पटलं. पण ती आकृती बनवणार कोण? एकाच पेपरात घातलं की साधनाच्या वाट्याला दोन तासिका येतात, आणि दोन तासिकांत जे घडतं ते असं:

परिघावर 'दिसणारा' बिंदू खरं तर मोकळा असतो, ओढला की वर्तुळ सोडून बाहेर. म्हणून बिंदू ठेवताना वर्तुळावरच टिचकी मारायची आणि नंतर ओढून खात्री करायची.

कोनाची गंमत त्याहून मोठी. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतं. तीन बिंदूंवर उलट क्रमाने टिचकी मारली की ७०° ऐवजी २९०°. क्रम बरोबर असला तरी तुमचाच शिरोबिंदू ओढत पलीकडच्या कंसावर नेला की ५०° चे २३०° होतात. तिथे १३०° दिसायला हवेत, कारण ५० आणि १३० मिळून १८० हाच चक्रीय चौकोनाच्या (चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर) समोरासमोरच्या कोनांचा मुद्दा. कोनाच्या गुणधर्मात जाऊन माप ०° ते १८०° एवढंच ठेवलं की अडचण मिटते. हे माहीत नसलेला शिक्षक भर वर्गात 'सॉफ्टवेअर चुकतंय' म्हणून मोकळा होतो.

शिवाय दोन दशांश स्थळांचं पूर्णांकन. त्रिकोणाचे कोन ५०.३३, ६०.३३, ६९.३३: बेरीज १७९.९९. मागच्या बाकावरून प्रश्न येणारच. खरं तर पूर्णांकन शिकवायला याहून चांगली संधी नाही, पण तयारी असेल तर.

म्हणून आधी स्वतंत्र पेपर, मग संशोधन.

कृष्णाकाठ, सांगली
मॅडम, हे सगळं स्वतंत्र पेपरात शिकवतात असं वाटतं तुम्हाला? तिथे पीपीटीत चित्र कसं हलवायचं यावर निम्मं सत्र जातं.

माणदेशी, दहिवडी
तुम्ही दोघं साधनावर भांडताय, दुखणं संशोधनात आहे. कृतिसंशोधनाचा ठरलेला साचा म्हणजे 'मागे पडलेल्या' मुलांचा गट निवडा, उपाय करा, पुन्हा चाचणी घ्या, गुण वाढले. वाढणारच! २५ गुणांच्या चाचणीत वर्गाची सरासरी १४ आणि निवडलेल्या गटाची ७ धरा. दोन चाचण्यांतला सहसंबंध (दोन्हींतले गुण किती जुळतात त्याचं माप) ०.६ असेल तर काहीही न शिकवता त्या गटाची पुढची अपेक्षित सरासरी १४ − ०.६ × (१४ − ७) = ९.८. म्हणजे २.८ गुण फुकटात. त्या दिवशी आजारी असलेलं, प्रश्न नीट न वाचलेलं पोरगंही निवडीत येतं, दुसऱ्या वेळी ते मूळ जागी परततं, एवढंच. उपाय साधा: निवड एका चाचणीवर करा, पूर्वचाचणी वेगळी घ्या. आणि उत्तरचाचणीला तोच पेपर देऊ नका, आकडे आणि आकृत्या बदला.

दोन तुकड्यांच्या तुलनेतही ६० मुलं दिसतात, पण वर्ग दोनच. एका वर्गाचा तास सकाळी पहिला आणि दुसऱ्याचा जेवणानंतर असेल, तर टी-मूल्य नेमकं कशाचं?

हे सगळं साधनाबरोबर एकाच पेपरात कोंबलं तर कृष्णाकाठसाहेबांचं ते कपाट आणखी भरेल. मी वेगळ्या पेपरांच्या बाजूने, पण कारण त्रिज्या मॅडमचं नाही.

त्रिज्या, सातारा
सहसंबंधाचं गणित मान्य. संगणक प्रयोगशाळा नाही म्हणून मात्र अडू नका, जिओजेब्रा क्लासिक ५ इंटरनेटशिवाय चालतं. एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि मुलांच्या हातात कागद, एवढ्यात भाकिताचा पाठ होतो. वीज गेली तर त्याच आकृतीच्या तीन अवस्थांची छापील प्रत जवळ ठेवायची.

कृष्णाकाठ, सांगली
मग तोडगा असा काढू. पेपर एकच, ४ श्रेयांकांचा, म्हणजे ६० तासिका. पहिल्या २० फक्त आकृतीला, पुढच्या १५ माणदेशींच्या चाचण्यांना, उरलेल्या वह्यांना आणि प्रत्यक्ष वर्गाला. पण आकृतीचे गुण फाईलमध्ये चिकटवलेल्या स्क्रीनशॉटवर देऊ नका. परीक्षकाने समोर बसून स्वतः बिंदू ओढावा.

माणदेशी, दहिवडी
१५ कमी आहेत. २० करा, वर्गातल्या ५ कापा.