‘मताधिकार मिळाला’ की ‘मतदार म्हणून नोंद झाली’? अमेरिकी सरकारी कागदपत्रांतले काही अडणारे शब्द

प्रश्न

अमेरिकेतील कृष्णवर्णीय नागरिकांच्या मतदानहक्काच्या लढ्यासंबंधीची काही सरकारी कागदपत्रे मी मराठीत आणत आहे. त्यांत घटनादुरुस्त्यांचा मजकूर आहे, नागरी हक्क आयोगाच्या अहवालांतील उतारे आहेत आणि न्यायालयीन निकालपत्रेही आहेत. पुढील शब्दांवर जाणकारांचे मत हवे आहे. 1965 च्या मतदानहक्क कायद्याविषयी लिहिताना ‘कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळाला’ असे म्हणणे योग्य होईल का? ‘पोल टॅक्स’ला ‘मतदान कर’ म्हणावे का? पंधराव्या घटनादुरुस्तीत ‘डिनाइड’ आणि ‘अब्रिज्ड’ अशी दोन क्रियापदे शेजारी-शेजारी येतात, त्यांतल्या दुसऱ्यासाठी काय वापरावे? आणि ‘रेकॉर्ड’ हा शब्द या कागदांत इतक्या वेगवेगळ्या अर्थांनी येतो की सगळीकडे ‘अभिलेख’ लिहिले तर वाक्ये निर्जीव होतात.

पहिला प्रतिसाद

‘1965 मध्ये मताधिकार मिळाला’ हे वाक्य मराठी लेखनात वारंवार दिसते आणि ते टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे. पंधरावी घटनादुरुस्ती 3 फेब्रुवारी 1870 रोजी संमत झाली आणि त्या दिवसापासून वंश, वर्ण किंवा पूर्वीची दास्यावस्था या कारणांवरून नागरिकाचा मताधिकार नाकारण्यास किंवा त्याचा संकोच करण्यास केंद्राला आणि राज्यांना मनाई झाली. त्या काळात हा हक्क फक्त पुरुषांना होता, ही मर्यादा सांगायला हवी. परंतु तो केवळ कागदावर नव्हता. दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीय पुरुषांनी मते दिली, ते विधिमंडळांवर निवडून गेले. पुढे जे झाले ते मिळालेले काढून घेणे होते आणि तेही ‘वर्ण’ हा शब्द न उच्चारता.

लुइझियानाचे उदाहरण घ्या. 1896 मध्ये तेथे 1,30,334 कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती; 1904 मध्ये ती 1,342 वर आली. मधल्या काळात, 1898 मध्ये, राज्याने नवी राज्यघटना केली. तिने मतदार होण्यासाठी शिक्षणाची किंवा मालमत्तेची अट घातली, मात्र जो स्वतः किंवा ज्याचा बाप वा आजा 1 जानेवारी 1867 रोजी किंवा त्याआधी मतदानास पात्र होता त्याला या अटींतून सूट दिली. ही तारीख हिशेबाने निवडलेली होती, कारण काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय विधिमंडळाने, दक्षिणेत कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंद करण्याची तरतूद केली ती त्यानंतर, मार्च 1867 मध्ये. इंग्रजीत या तरतुदीला ‘ग्रँडफादर क्लॉज’ म्हणतात. ‘आजोबा कलम’ हे भाषांतर मला पोरकट वाटते. ‘वडिलोपार्जित सवलतीचे कलम’ असे लिहिल्यास हक्क वारशाने चालत यावा ही त्यामागची कल्पना मराठी वाचकाला लगेच कळते. ओक्लाहोमाचे असेच कलम सर्वोच्च न्यायालयाने 1915 मध्ये रद्द केले.

म्हणून काढून घेण्याच्या क्रियेला ‘मताधिकारहरण’ म्हणावे आणि 1965 विषयी लिहिताना ‘मताधिकाराची अंमलबजावणी झाली’ किंवा ‘मतदार नोंदणीतील अडसर दूर झाले’ असे लिहावे. ‘मिळाला’ म्हटले की 1870 ते 1965 ही पंचाण्णव वर्षे कायदा अस्तित्वात नसल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात त्या वर्षांत तो मोडला जात होता.

‘अब्रिज्ड’साठी मी वर वापरलेल्या ‘संकोच’ या शब्दाबद्दल एवढेच, की बोलीत त्याचा अर्थ भिडस्तपणा असा उरला असला तरी कायद्याच्या मराठीत हक्काचा संकोच करणे म्हणजे हक्क आखडणे, त्याची व्याप्ती कमी करणे, हा वापर रुळलेला आहे. ‘हिरावणे किंवा कमी करणे’ असे सुटसुटीत लिहिण्याचा मोह होईल, पण दुरुस्तीतले पहिले क्रियापद ‘नाकारणे’ असे आहे आणि ते तसेच ठेवावे. ‘दास्य’ हा शब्दही निःशंकपणे वापरावा. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, त्या अर्पणपत्रिकेत ‘दास्यत्व’ हाच शब्द आहे. घटनादुरुस्तीनंतर अवघ्या तीन वर्षांचे ते मराठी आहे.

दुसरा प्रतिसाद

‘पोल टॅक्स’ला ‘मतदान कर’ म्हणू नये. इथे ‘पोल’ या शब्दाचा मूळ अर्थ डोके असा आहे आणि मराठीत त्यासाठी जुना, नेमका शब्द आहे: डोईपट्टी. मत देताना मतदान केंद्रावर भरायचे शुल्क असे ‘मतदान कर’ वाचून वाटेल, पण तसे ते नव्हते. व्हर्जिनियात वर्षाला दीड डॉलर असा हा कर होता, मागील तीन वर्षांचा भरलेला असावा लागे आणि तोही निवडणुकीच्या किमान सहा महिने आधी. मिसिसिपीच्या 1890 च्या राज्यघटनेत दोन डॉलरची डोईपट्टी आहे आणि त्याच कलमात, तिच्या वसुलीसाठी फौजदारी कारवाई करता येणार नाही, असेही म्हटले आहे. जो कर बुडवला तर सरकार खटला भरायला तयार नाही आणि भरला नाही तर मतदार मात्र होऊ देत नाही, त्याचा हेतू महसूल नव्हे हे त्या एका कलमावरूनच दिसते. अलाबामात तर थकबाकी साचत जाई, त्यामुळे बटाईने शेती करणाऱ्या आणि वर्षभर रोख पैसा हाती न येणाऱ्या कुळाला उतारवयात ती फेडणे अशक्यच होते. या कराने गरीब गोऱ्यांचीही नावे गळाली, हे भाषांतराच्या टिपेत नोंदवण्यासारखे आहे.

चोविसाव्या घटनादुरुस्तीने 1964 मध्ये ही अट रद्द केली, पण फक्त केंद्रीय पदांच्या निवडणुकांपुरती. राज्यांच्या निवडणुकांसाठी ती 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या व्हर्जिनियासंबंधीच्या निकालाने गेली. आपल्या मजकुरात ‘डोईपट्टी रद्द झाली’ असे वाक्य आले तर कोणत्या निवडणुकीपुरती, हे लिहिल्याशिवाय ते पूर्ण होणार नाही.

प्रश्नकर्त्याचा उपप्रश्न

‘मतदार नोंदणी’ हा शब्द मराठी वाचकाला फार साधा वाटतो. आपल्याकडे ती यंत्रणेची कामगिरी असते. याच नोंदणीसाठी लोकांनी मार खाल्ला, प्राण गमावले, हे त्या शब्दातून पोहोचत नाही. दुसरा शब्द सुचतो का?

पहिल्या सदस्याचा प्रतिसाद

शब्द तोच ठेवावा आणि संदर्भ एकदा नीट सांगावा. भारतात मतदारयादी तयार करण्याची जबाबदारी निवडणूक यंत्रणेची आहे, माणसे दारोदार फिरून नावे घेतात. अमेरिकेत नागरिकाने स्वतः काउंटीच्या (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कचेरीत जाऊन अर्ज करायचा, रजिस्ट्रारसमोर परीक्षा द्यायची आणि त्याने पात्र ठरवले तरच नाव चढायचे, अशी दक्षिणेतली रीत होती. म्हणून ‘नाव नोंदवले गेले’ या कर्मणी वाक्यापेक्षा ‘नाव नोंदवून घेतले’ किंवा ‘नोंदवायला गेले’ असे कर्तरी वाक्य वापरले तर बराच फरक पडतो. 

रजिस्ट्रारला ‘मतदार नोंदणी अधिकारी’ म्हणायला हरकत नाही, मात्र 1965 च्या कायद्याने नेमलेल्या ‘फेडरल एक्झामिनर’ना ‘परीक्षक’ म्हणू नये. ते कोणाची परीक्षा घेत नव्हते. स्थानिक अधिकारी नावे घेत नसतील तेथे जाऊन पात्र नागरिकांची यादी करणे हे त्यांचे काम होते, तेव्हा ‘केंद्रनियुक्त नोंदणी अधिकारी’ असे लिहावे. तसेच ‘अ‍ॅटर्नी जनरल’ला ‘महान्यायवादी’ म्हटल्यास भारतातील पदाशी गल्लत होते. अमेरिकेत ती व्यक्ती न्यायखात्याची प्रमुख असते आणि खटले दाखल करण्याचा निर्णय तिच्या हाती असतो.

तिसरा प्रतिसाद (अभिलेखागारातील कामाचा अनुभव असलेल्या सदस्याकडून)

‘रेकॉर्ड’विषयी सविस्तर लिहितो, कारण या लढ्यात कागद हाच वादाचा विषय होता.

माझ्या मते चार शब्द वेगळे ठेवावेत. रजिस्ट्रारच्या वहीतील एकेक नाव म्हणजे ‘नोंद’. भरलेला अर्ज, शपथपत्र, पत्र असा सुटा कागद म्हणजे ‘दस्तऐवज’. कचेरीच्या कपाटात चालू कामासाठी सांभाळलेला सगळा संग्रह म्हणजे ‘दप्तर’. आणि कामकाज संपल्यावर कायम जतनासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवलेले ते ‘अभिलेख’. ‘दप्तर’ म्हटले की आज शाळेची पिशवी आठवते हे खरे, पण ‘पेशवे दप्तर’ म्हणताना कोणी अडखळत नाही. ‘अभिलेख’ भूमी अभिलेख खात्यामुळे परिचित आहेच.

हा भेद अनुवादात का हवा, ते सांगतो. 1957 च्या नागरी हक्क कायद्याने नागरी हक्क आयोग स्थापन झाला. त्याने 1958 मध्ये अलाबामातील मतदार नोंदणीची चौकशी सुरू केली, तेव्हा बार्बर आणि बुलक या काउंट्यांचे दप्तर जॉर्ज वॉलेस यांनी स्वतःच्या ताब्यात घेतले आणि आयोगाला देण्यास नकार दिला. 1965 मध्ये अलाबामातील सेल्मा शहरात मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चावर हल्ला झाला तेव्हा हेच वॉलेस राज्यपाल होते. 1958 मध्ये ते राज्याच्या सर्किट न्यायालयाचे न्यायाधीश होते. दप्तर खुले करा असा आदेश त्यांना फ्रँक जॉन्सन यांनी दिला, ते केंद्राच्या डिस्ट्रिक्ट कोर्टाचे न्यायाधीश. दोघांनाही ‘जिल्हा न्यायाधीश’ लिहिल्यास हा संघर्ष राज्य आणि केंद्र यांच्यातला होता हे वाचकाला कळणारच नाही. ‘संघीय न्यायालय’ आणि ‘राज्य न्यायालय’ ही विशेषणे प्रत्येक वेळी लिहावीत, पुनरुक्ती झाली तरी चालेल.

त्यानंतर 1960 च्या कायद्याने केंद्रीय पदांच्या निवडणुकांसंबंधीचे नोंदणीचे कागद बावीस महिने जपून ठेवण्याचे बंधन अधिकाऱ्यांवर घातले आणि न्यायखात्याला ते तपासण्याचा व त्यांच्या प्रती घेण्याचा अधिकार दिला. इथे ‘रेकॉर्ड’ म्हणजे दप्तर, अभिलेख नव्हे. न्यायखात्याच्या वकिलांनी या अर्जांची छायाचित्रे घेतली आणि गोऱ्या व कृष्णवर्णीय अर्जदारांचे कागद शेजारी-शेजारी ठेवले. त्यातून जे दिसले त्यातील काही सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च 1966 च्या निकालपत्रात, साउथ कॅरोलायनाने 1965 च्या कायद्याला दिलेले आव्हान फेटाळताना, उद्धृत झाले आहे. लुइझियानात राज्यघटनेचा अर्थ लिहिताना एका गोऱ्या अर्जदाराने ‘भाषणस्वातंत्र्य’ या अर्थाचे तीनच इंग्रजी शब्द लिहिले, त्यांतला एकही त्याला धड लिहिता आला नव्हता आणि तो उत्तीर्ण झाला. मिसिसिपीतील पॅनोला काउंटीत कृष्णवर्णीय अर्जदाराला ‘चिकासॉ शाळा निधी’वरील व्याजदराचे कलम समजावून सांगायला लावले. त्याच राज्यातील फॉरेस्ट काउंटीच्या रजिस्ट्रारने सहा कृष्णवर्णीय पदवीधरांना नापास केले, त्यांतले तिघे एम. ए. होते. यांतले कोणतेही प्रमाण चळवळीच्या पत्रकातले नाही. ज्यांनी अन्याय केला त्यांच्याच कचेरीतले ते कागद आहेत.

मराठीत तो अशुद्ध नमुना कसा आणावा, हा प्रश्न आपल्याला पडेलच. ‘भाशन सातंत्र’ असे काही रचू नये, कारण मग तो अनुवादकाचा विनोद होतो. मूळ अक्षरे देवनागरीत ‘फ्रडम फूफ स्पेट्घ’ अशी जवळपास उतरवावीत आणि अर्थ वाक्यात सांगावा.

राष्ट्रीय अभिलेखागारातील कागद विषयवार लावलेले नसतात, ज्या कार्यालयाने ते निर्माण केले त्याच्या क्रमाने लावलेले असतात. न्यायखात्याचा गट 60 क्रमांकाचा, संघीय डिस्ट्रिक्ट कोर्टांचा 21, नागरी हक्क आयोगाचा 453. त्यामुळे 7 मार्च 1965 रोजी सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर झालेला लाठीहल्ला शोधायचा तर त्याचे कागद वेगवेगळ्या गटांत विखुरलेले सापडतात. ‘मताधिकार लढ्याचे दप्तर’ असा शब्दप्रयोग म्हणूनच फसवा आहे. त्या नावाचे दप्तर कोठेच नाही. ‘लढ्यासंबंधीचे सरकारी अभिलेख’ असे अनेकवचनी लिहावे.

दुसऱ्या सदस्याचा पुढील प्रतिसाद

दोन शब्दांची भर घालतो. 1957 च्या कायद्यात मतदाराला धमकावणे, दबाव आणणे यांसाठी तीन क्रियापदांची साखळी आहे. तिच्यासाठी ‘धाकदपटशा’ हा एकच शब्द पुरेसा आहे असे वाचताना वाटते, पण कायद्याच्या कलमात प्रत्येक क्रियापद स्वतंत्र निषिद्ध कृत्य सांगत असल्याने ‘धाक दाखवणे, धमकावणे, सक्ती करणे’ असे सुटे लिहावे. ‘धाकदपटशा’ निवेदनासाठी राखून ठेवावा.

टेनेसीतील फेएट आणि हेवूड काउंट्यांत मतदार म्हणून नाव नोंदवणाऱ्या बटाईदारांना 1960 च्या सुमारास जमिनीवरून हुसकावण्यात आले, दुकानदारांनी त्यांना माल देणे बंद केले आणि त्यांतल्या अनेकांना तंबूंत राहावे लागले. न्यायखात्याने जमीनमालकांविरुद्ध खटले भरले. याला ‘वाळीत टाकले’ म्हणावे का? अर्थ पुष्कळ जुळतो. तरीही वाळीत टाकण्यात आपल्याच जातीने बाहेर काढणे अभिप्रेत असते आणि ही माणसे त्या दुकानदारांच्या समाजात कधी घेतलेलीच नव्हती. ‘आर्थिक बहिष्कार’ नेमका ठरेल.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. एक शेवटची शंका. जुन्या कागदांत सर्वत्र ‘निग्रो’ आणि ‘कलर्ड’ आहे. ते बदलावे का?

तिसऱ्या सदस्याचा प्रतिसाद

उद्धृत दस्तऐवजात बदलू नये, आपल्या निवेदनात ‘कृष्णवर्णीय’ लिहावे आणि ही रीत प्रस्तावनेत एकदा सांगावी. अर्जावरील ‘कलर्ड’ हा शिक्का वगळला तर त्या अर्जाचा पुरावा म्हणून अर्थच राहत नाही. टक्केवारी देताना मात्र ‘मतदानाच्या वयाचे’ हे शब्द गाळू नयेत. मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी नोंद असलेल्यांचे प्रमाण 1954 मध्ये 4.4 टक्के आणि 1964 मध्ये 6.4 टक्के होते, असे वर उल्लेखिलेले निकालपत्र सांगते. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत आहे, तेथे अशा सुमारे 15,000 नागरिकांपैकी नोंद असलेल्यांची संख्या चार वर्षे खटला चालल्यानंतर 156 वरून 383 वर गेली. ‘कृष्णवर्णीय मतदार’ असे लिहिताना ते 383 जण अभिप्रेत आहेत की 15,000, हे प्रत्येक ठिकाणी तपासून पाहा. आयोगाच्या अहवालांत ‘पात्र’ आणि ‘नोंदणीकृत’ यांसाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि मराठीत दोन्हींसाठी ‘मतदार’ लिहिण्याची सवय आपल्याला आहे.