मदत हवी आहे : परिमितीच्या गणितात एककं कशी पक्की करून घेऊ?

नमस्कार. मुलगी चौथीत आहे. परिमिती म्हणजे कडेकडेने एक पूर्ण फेरी, हे तिला छान कळलंय. डब्याच्या झाकणाभोवती सुतळी फिरवून, ती पट्टीवर मोजून तिने ४४ सेमी उत्तर आणलं, तेव्हा मलाच भरून आलं.

गाडी अडते ती एककांवर. काल गणित होतं : बागेची लांबी १२ मी ५० सेमी, रुंदी ८ मी, कुंपणाला तारेचे तीन वेढे, तर तार किती? तिने १२५० मध्ये सरळ ८ मिळवले. ८ मीटरचे ८०० सेमी करायचेच राहिले. एक फेरी ४१ मीटर, तीन वेढे १२३ मीटर, असं मी करून दाखवलं. आज पुन्हा तीच चूक. १ मी म्हणजे १०० सेमी हे तोंडपाठ आहे, पण ऐनवेळी वापरलं जात नाही.

शिवाय १० बाय ६ सेमी आयताच्या कोपऱ्यातून छोटा चौरस कापला, तरी परिमिती ३२ सेमीच राहते, हे तिला पटत नाही. "कागद कमी झाला ना?" म्हणते. प्रश्न रास्तच आहे. हे सुतळीने दाखवू की चौकटीच्या वहीवर? प्राथमिकला शिकवणाऱ्या ताई-सरांनी आपली पद्धत जरूर सांगावी.