मदत हवी आहे: आधी तारा की आधी जबड्याचं ऑपरेशन?

नमस्कार मंडळी. माझ्या १७ वर्षांच्या मुलाचा खालचा जबडा बराच पुढे आहे. पोळीचा घास पुढच्या दातांनी तुटतच नाही, कडेच्या दाढांत धरून ओढतो. हल्ली चारचौघांत जेवायलाच बसत नाही, ते बघवत नाही.

आमचे ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे डॉक्टर) म्हणतात, आधी वर्ष-दीड वर्ष दातांना तारा, मग ऑपरेशन, मग पुन्हा काही महिने तारा. आतल्या बाजूला झुकलेले खालचे दात सरळ केले की ऑपरेशन होईपर्यंत जबडा आणखीच पुढे दिसणार. नेमकं बारावीचं वर्ष! दुसऱ्या सर्जननी ‘आधी ऑपरेशन, मग तारा’ हा पर्यायही सांगितला, पण तो सगळ्यांना चालत नाही. शिवाय मुलग्यांचा जबडा अठरानंतरही वाढू शकतो, म्हणून सहा-सहा महिन्यांनी चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढून वाढ थांबल्याची खात्री करायची. घाई केली तर जबडा परत पुढे येईल, ही भीती आहे.

कोणी यातून गेलंय का? कुठला क्रम निवडलात, कितव्या वर्षी? ऑपरेशननंतर किती दिवस पातळ खाण्यावर काढले? त्यानंतर खालच्या ओठाला आलेला बधिरपणा गेला का? कॉलेज किती बुडालं? कृपया सविस्तर सांगा, मुलालाही वाचून दाखवणार आहे.