सैबेरियात हद्दपार झालेली ज्यू कुटुंबं वाचली कशी?

प्रश्न:
नववीतल्या लेकीने विचारलं, सोव्हिएत सरकारने पोलंडमधल्या ज्यूंना उत्तरेच्या जंगलांत धाडलं, तर त्यांना 'वाचलेले' का म्हणतात? तिला नीट समजावायचं आहे.

प्रतिसाद १:
ताई, १९३९ पासून सुरू करा. जर्मन सैन्य आलं तसे असंख्य ज्यू पूर्वेला, पोलंडच्या सोव्हिएत ताब्यातल्या भागात पळाले. सोव्हिएत नागरिकत्व नाकारणाऱ्यांना जून १९४० मध्ये लेकराबाळांसकट मालगाड्यांत कोंबून नेलं. आईबाप झाडं तोडायचे, पाव कामाच्या मापाने मिळायचा. नेणाऱ्यांचा हेतू वाचवण्याचा मुळीच नव्हता, हे लेकीला आवर्जून सांगा. पण जून १९४१ मध्ये जर्मनांनी सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि मागे राहिलेल्या बहुतेक ज्यूंना ठार मारलं. हद्दपार झालेले त्यांच्या तावडीबाहेर होते, एवढंच.

प्रतिसाद २:
सुटकेनंतरचंही सांगा. ऑगस्ट १९४१ मध्ये सोव्हिएत सरकारने हद्दपार पोलिश नागरिकांना माफी देऊन सोडलं, त्यानंतर कुटुंबं उबेच्या ओढीने ताश्कंद, समरकंदकडे गेली. तिथे टायफसने आणि उपासमारीने कितीतरी मुलं दगावली. काही आयांनी तर पोटची पोरं पोलिश अनाथाश्रमात ठेवली, निदान दोन घास मिळतील म्हणून. त्या आईला काय वाटलं असेल! अशी ८०० हून अधिक मुलं, बरीचशी अनाथ, आधी इराणला नेली गेली आणि १९४३ मध्ये तिथल्या तेहरानहून पॅलेस्टाइनला पोचली. बहुतेकांची बोट कराचीमार्गे गेली होती.

प्रश्नकर्ती:
आणि आईबापांसोबत राहिलेली मुलं?

प्रतिसाद १:
बरीचशी १९४६ मध्ये पोलंडला परतली. घरात दुसरेच राहत होते, नातलग उरले नव्हते. ४ जुलैला किएल्त्से शहरात जमावाने ४० हून अधिक ज्यू मारले. मग पुन्हा गाठोडी बांधून हजारो जण जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांकडे निघाले.