ती ‘नाही’ म्हणाली होती: सिनेमा, पाठलाग आणि आपले अनुभव

‘डर’ (1993) आला तेव्हा मी अकरावीत होते. पुढचं वर्षभर वर्गातली पोरं ‘क-क-किरण’ करत मुलींच्या मागे फिरली. त्या सिनेमाचा हिरो सनी देओल होता, हे आज कुणाला आठवतं का? नक्कल झाली ती पाठलाग करणाऱ्याची. परवा टीव्हीवर तोच लागला आणि हे सगळं वर आलं. तुमच्या वाट्याला आलेलं लिहा. तुम्ही स्वतः केलेलंही लिहा, मला तेच जास्त वाचायचंय.

*

क्लासच्या कोपऱ्यावर तो आणि त्याचे चार मित्र उभे असायचे. मी दिसले की मित्र ओरडायचे, ‘वहिनी आली रे!’ त्याच्याशी मी एक शब्द बोलले नव्हते, पण वहिनी झाले होते. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचं कोपऱ्यावर उभं राहणं नाही, माझा क्लास बंद झाला असता.

*

+1. माझी तर सायकल विकून टाकली बाबांनी.

*

मी ‘केलेल्यां’पैकी. 1998, बारावी. ब्लेडने हातावर तिचं नाव कोरलं आणि एसटी स्टँडवर तिला दाखवलं. ती रडली. मी मित्रांना सांगितलं, पटली! सिनेमात रडली म्हणजे पटलीच असते. नंतर ती दिसेनाशी झाली. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात तिचा मामेभाऊ भेटला. तिने बारावीची परीक्षा मामाच्या गावाहून दिली होती, माझ्यामुळे. माफी मागावी असं खूप वाटतं. पण त्यासाठी नंबर शोधून फोन करायचा, म्हणजे परत मागे लागणंच की.

*

वरच्या दादा, नका करू फोन.

बाकी, ‘रांझणा’तही नायक तिच्यासमोर मनगट कापून घेतो. तो सिनेमा 2013चा. पाठलाग हा वेगळा गुन्हा ठरवणारं कलम 354-ड त्याच वर्षी आलं. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत आता ते कलम 78 आहे. मुलीने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा गुन्हा आहे, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण पहिल्या वेळी जामीनपात्र. म्हणजे संध्याकाळी तो परत कोपऱ्यावर उभा राहू शकतो.

*

ऑस्ट्रेलियातून लिहितेय. 2015 मध्ये होबार्टच्या कोर्टात पाठलागाच्या खटल्यात एका भारतीय तरुणाच्या वकिलाने सांगितलं की हिंदी सिनेमे बघून त्याला हे वागणं रीतसर वाटायचं. तुरुंग टळला. ऑफिसात गोऱ्या सहकाऱ्यांनी मला विचारलं, ‘तुमच्याकडे खरंच असं असतं?’ नाही म्हणायला तोंड उघडलं, तर शाळेच्या रस्त्यावरचा बुलेटवाला आठवला.

*

आमचं लव्ह मॅरेज. ‘दोन वर्षं हिच्या मागे होतो, शेवटी हो म्हणाली!’ हा किस्सा हे प्रत्येक कार्यक्रमात सांगतात, लोक हसतात, मीही हसते. त्या दोन वर्षांत मी बसस्टॉप तीनदा बदलला होता. हे एकदा सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘आता काय त्याचं!’ माणूस वाईट नाही हो. पण गेल्या गणपतीत किस्सा सुरू झाला आणि मी हसले नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अर्ध्यावरच विषय बदलला. अजून त्यावर आम्ही बोललेलो नाही.