मालदीवला जमलं, महाबळेश्वरला का नाही?

प्रश्न : कोरोनाच्या बंदनंतर मालदीवनं १५ जुलै २०२० लाच पुन्हा पर्यटक घ्यायला सुरुवात केली. तेव्हा आमचे वेण्णा लेकवरचे घोडे नुसते बांधलेले, चंदी मात्र रोजची. आपण का नाही उघडलं?

उत्तर : तिथं एका बेटावर एकच रिसॉर्ट. पाहुणा विमानतळावरून थेट बोटीत. आपल्याकडं सगळी गर्दी एकाच बाजारपेठेत. जमायचं कसं?

दुसरं उत्तर : हौसेनं नाही उघडलं त्यांनी. २०१९ ला १७ लाख पर्यटक, २०२० ला जेमतेम साडेपाच लाख. तांदूळसुद्धा बाहेरून येतो. डॉलर आटल्यावर खाणार काय?

प्रश्नकर्ता : पटलं. पण स्ट्रॉबेरीवाल्यांनी माल निदान जॅमला तरी घातला. घोडेवाल्यानं बरणीत काय भरायचं, सांगा!