मृत्युपत्र झाले; पण त्याआधीच्या वर्षांचे काय?

पर्वतीकर (धागाकर्ता)

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात वर्षभरात मृत्युपत्रावर तीन व्याख्याने झाली आणि तिन्ही वेळा खुर्च्या कमी पडल्या. मरणाआधीची काही वर्षे मात्र माणूस अंथरुणाला खिळून किंवा स्मृती गमावून काढू शकतो, आणि त्या काळाच्या तयारीवर एकही व्याख्यान झाले नाही. माझ्या थोरल्या बंधूंनी मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद) रीतसर नोंदवून ठेवले होते, त्यामुळे आम्ही सारे निर्धास्त होतो. पुढे त्यांना स्मृतिभ्रंश झाला, शुश्रूषेच्या खर्चासाठी सदनिका विकायची वेळ आली, आणि तेव्हा वकिलांनी सांगितले की करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारीच संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, नेमका त्याच दिवशी तो निकामी! अखेर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले.

विम्याचीही तीच गत. आपला नेहमीचा मेडिक्लेम रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतो; ब्युरोकडून घरी ठेवलेल्या मावशींचा पगार त्यातून निघत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान योजनेखाली वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, तेही रुग्णालयातील उपचारांपुरतेच. माझे म्हणणे असे की, पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाला शासनाने प्रभागवार वर्ग घेऊन हे सारे समजावून द्यावे. कागद, पैसा आणि सेवा यांचा विचार हातपाय चालत असतानाच झाला पाहिजे.

कोरडवाहू

पर्वतीकर काका, आपल्या बंधूंविषयी वाईट वाटले, पण प्रस्तावाशी मी सहमत नाही. आपल्या वर्गात सदनिका, मेडिक्लेम आणि निवृत्तिवेतन असलेला माणूस बसलेला दिसतो. आमच्या गावातील म्हाताऱ्यांना श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये मिळतात. त्यांनी नियोजन कशाचे करायचे? जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सक्तीचा सामाजिक विमा सुरू केला. जपानमध्ये चाळिशीपासूनच प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो. तेथे आधी व्यवस्था उभी राहिली. आपल्याकडे व्यवस्थाच नाही, आणि प्रबोधन तेवढे करायचे म्हणजे उद्या कोणी बेवारशी पडला की ‘त्याने वेळीच नियोजन केले नाही’ असे म्हणायला सरकार मोकळे!

पर्वतीकर

व्यवस्था हवी, यावर वाद नाही. परंतु जे आज उपलब्ध आहे तेही माहीत नसल्याने नुकसान होते, आणि ते केवळ शहरात होत नाही. बाप हयात असतानाच जमीन मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याची पद्धत आपल्या गावीही असेलच. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, तो सांभाळ झाला नाही तर, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट असणे आवश्यक मानले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने काहीशी उदार भूमिका घेतली. तरीही बक्षीसपत्रात अटीचे एक वाक्य लिहून घेणे केव्हाही शहाणपणाचे, आणि ते सांगायला सामाजिक विम्याची वाट पाहावी लागत नाही.

ओसरी

दोघांच्याही बोलण्यात कागद आणि पैसाच आहे. पर्वतीकर काकांनी ‘सेवा’ हा शब्द लिहिला आणि पुढे तो सोडून दिला.

पक्षाघातानंतर सासूबाई चार वर्षे अंथरुणावर होत्या. रुग्णालयातून सोडताना आम्हाला गोळ्यांची यादी मिळाली. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. नळीने अन्न देताना डोके उंच ठेवावे लागते. पलंगावरून खुर्चीत बसवताना आपली कंबर कशी सांभाळावी, यांपैकी काहीही कोणी शिकवले नाही. पहिली जखम झाली तेव्हा ती का झाली हे मला ड्रेसिंगला आलेल्या परिचारिकेकडून कळले. नोकरी मी सोडली, आणि ती कोणी सोडावी यावर घरात चर्चा झालीच नाही, कारण उत्तर सर्वांनी गृहीतच धरले होते. दीर मात्र परदेशातून व्हिडिओ कॉलवर सूचना देत असत. गंमत अशी की २००७ च्या ज्या कायद्याचा आपण दाखला देता, त्यातील अपत्यांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत, सून नाही. घरात मात्र पहिली हाक तिलाच जाते. तेव्हा वर्ग भरवायचाच असेल तर पुढच्या रांगेत मुलगे बसवा.

संध्याछाया७८

मला वर्गाच्या जागेविषयीच शंका आहे. ज्येष्ठ नागरिक संघात स्वतःच्या पायांनी येऊ शकणारेच येतात. शिवाय काही विषय सभागृहात निघतच नाहीत. निरर्थक उपचार लांबवू नयेत असे आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला, आणि २०२३ मध्ये ती प्रक्रिया सोपी केली; आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे होतात. मी तो कागद केला. मुलाने वाचला आणि ‘बाबा, अभद्र काही बोलू नका’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकून दिला. माझ्या डॉक्टरांनी त्याला समोर बसवून समजावले तेव्हा कुठे त्याने तो पुन्हा हातात घेतला. माझ्या मते हे शिक्षण दवाखान्यातच व्हायला हवे.

पर्वतीकर

ओसरीताई, आपला आक्षेप मला मान्य आहे. माझ्या वहिनींनी ती वर्षे कशी काढली हे मी पहिल्या प्रतिसादात एका ओळीनेही लिहिले नाही, हे आता लक्षात आले. पुढच्या महिन्यात संघात वकील येणार होते. त्यांच्याऐवजी परिचारिका बोलवावी आणि सभासदांनी मुलांना बरोबर आणावे, असे मी सुचवणार आहे. डॉक्टरांचा मुद्दा मला अर्धाच पटतो, कारण गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटांत हा विषय कसा मावणार?

कोरडवाहू

परिचारिकेवर येऊन ठेपलात, हे बरे झाले. केरळमध्ये उपशामक सेवेची (गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेची) परिचारिका अंथरुणावरील रुग्णाच्या घरी जाते, घरच्यांना कूस बदलायलाही शिकवते, आणि त्या सेवेचा खर्च स्थानिक पंचायत उचलते. आपल्या संघातील परिचारिका एक दुपार बोलून जाईल. आमच्या वस्तीवर तेही व्हायचे नाही. तिच्या पगाराची तरतूद ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात करावी, असा ठराव मी पुढच्या ग्रामसभेत मांडणार आहे, आणि तो फेटाळला गेला तर कोणत्या कारणाने, ते येथे लिहीन.